तक्ता आणि बाराखडी मागून, शब्द आधी: मुलाला घरी मराठी वाचायला शिकवताना

घरात सगळे मराठी बोलतात, मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातं आणि पहिलीत मराठीचं पुस्तक दप्तरात येतं. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून हे घरोघरचं चित्र आहे. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अंकलिपी येते, भिंतीवर तक्ता लागतो आणि 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' सुरू होतं. दोन महिन्यांनी मूल क पासून ज्ञ पर्यंत घडाघडा म्हणतं. पण पाटीवर 'नाक' लिहून समोर धरलं की गप्प.

असं का होतं ते एका मिनिटात कळतं. तक्त्यावरच्या 'प'वर बोट ठेवा आणि विचारा, हे काय? मूल वर पाहतं, पहिल्या ओळीपासून ओठांतल्या ओठांत पुटपुटत खाली येतं आणि मग म्हणतं, 'प'. त्याला गाणं पाठ आहे, खूण ओळखीची नाही. शिवाय तक्त्याच्या क्रमाने पहिल्या आठवड्यात क, ख, ग, घ, ङ शिकून शब्द किती बनतात? 'खग' सोडला तर मुलाच्या उपयोगाचा जवळपास एकही नाही. 'ङ'चा तर पुढेही वर्षभर काही उपयोग नाही. पंधरा दिवस मेहनत करून एक शब्द वाचता येत नसेल तर कुठलंही मूल कंटाळणारच.

पुढे सांगितलेली पद्धत मराठी बोलणाऱ्या पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी आहे. मूल आठ-नऊचं असेल तरी क्रम हाच ठेवा, फक्त वेग वाढेल.

आधी कान, मग कागद

पहिले दोन-तीन आठवडे पाटी-पेन्सिल काढूच नका. शब्द म्हणजे आवाजांची माळ असते आणि ती तोडता-जोडता येते, हे मुलाच्या कानाला आधी कळायला हवं. हे खेळ स्वयंपाक करताना, रिक्षात, आंघोळीच्या वेळी होतात. वेगळा वेळ लागत नाही.

पहिला खेळ शब्दांच्या भेंड्यांचा. आजोबा, मग 'बा' वरून बादली, 'ली' वरून लिंबू. दुसरा खेळ जोडण्याचा: तुम्ही 'पा… णी' असं तोडून म्हणा, मुलाने जोडून सांगायचं. ते जमलं की आणखी बारीक तोडा: 'क्… आ… न'. तिसरा थोडा अवघड, पण मुलांना सगळ्यांत आवडतो तो चोरीचा. 'कमान'मधला पहिला क चोरीला गेला, काय उरलं? मान. 'पालक'मधला शेवटचा क गेला? पाल. 'सकाळ'मधला स? काळ. दहापैकी आठ वेळा बरोबर उत्तर आलं की मूल अक्षरांना तयार आहे.

टाळ्या वाजवून शब्द तोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'कमळ'ला मूल दोनच टाळ्या वाजवतं: क, मळ. ते चुकलेलं नाही, कानाला दोनच ठोके येतात. लिहिताना मात्र अक्षरं तीन. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण बहुधा गिळतो: 'घर' लिहितो आणि घर् म्हणतो. म्हणून सुरुवातीला मूल 'घ… र' सुटं वाचून 'घरऽ' असं लांबवतं. नियम सांगत बसू नका. 'आता पटकन म्हण' एवढंच सांगा. दुसऱ्यांदा म्हणताना त्याला स्वतःलाच 'घर' ऐकू येतं आणि चेहरा उजळतो. अर्थ आधीपासून माहीत असलेले शब्दच सुरुवातीला द्यायचे ते यासाठीच. अनोळखी शब्दात ही दुरुस्ती मुलाला करता येत नाही.

पहिला गट: पाच अक्षरं आणि एक काना

म, क, र, न, ल आणि काना. एवढ्यावर काय काय बनतं ते बघा: मका, काका, मामा, कान, नाक, काम, लाल, रान, नाना, मला, काल, कर, मार, माल, कमान, कमाल, नकल. वाक्यंसुद्धा होतात. 'काका, मला मका.' 'नाना, नाक लाल!' अक्षरं सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात मूल असलं वाक्य स्वतः वाचून हसलं की पुढचं अर्धं काम झालं म्हणायचं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचनावर दीर्घकाळ काम केलं आहे. तिथेही तक्त्याचा क्रम सोडून अक्षरगट घेतले जातात. गटातली अक्षरं अगदी हीच हवीत असं नाही. मुलाचं नाव समीर असेल तर स लवकर घ्या, गौरी असेल तर मात्र 'गौ' नुसतं चित्रासारखं ओळखू द्या, मात्रा नंतर येईल. शाळेत एखादं अक्षर चालू असेल तर तेही गटात ओढून घ्या, म्हणजे मुलावर दोन वेगवेगळे क्रम येणार नाहीत. गट निवडताना तीन गोष्टी बघा: त्यातून भरपूर शब्द बनावेत, ते मुलाच्या तोंडातले असावेत आणि सारखी दिसणारी दोन अक्षरं एका गटात नसावीत.

दुसऱ्या गटात प, त, स, घ, दुसरी वेलांटी आणि सुटे स्वर आ, ई घ्या. आता घर, पान, साप, पाल, तीन, सात, रात, ताप, मी, ती, आई, काकी, परी हे शब्द आले. 'साप सरसर पसार.' 'मामीला ताप.' 'ती काकी, मी परी.' सुटा 'आ' आणि काना हे एकाच आवाजाचे दोन वेश आहेत, हे इथेच दाखवून टाका: एकटा असेल तर 'आ', कुणाच्या आधाराने उभा असेल तर काना. तिसऱ्या गटात ब, ण, द, च, ज आणि एक मात्रा: बाबा, आजी, पाणी, दार, चार, केस. अंकलिपीत 'ण बाणाचा, ळ बाळाचा' असं का असतं, असं मूल विचारेल. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ती शेवटी किंवा मध्ये शोधायची. मुलांना हे गुपित फार भावतं.

एका गटाला दोन ते तीन आठवडे द्या. नवं अक्षर एका दिवशी एकच, आठवड्याला तीनच.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी का

बाराखडीत 'कि' आधी येतो, 'की' नंतर. शिकवताना उलट करा. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार बहुतेक दीर्घ असतात: पाणी, आजी, गाडी, लाडू, पेरू. 'आणि', 'परंतु' असे थोडे अपवाद. म्हणजे मुलाच्या रोजच्या शब्दांत दुसरी वेलांटी पुष्कळ भेटते. दुसरं कारण डोळ्यांचं आहे. 'की' डावीकडून उजवीकडे जसा दिसतो तसाच ऐकू येतो: आधी क, मग ई. 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. इंग्रजी वाचायला शिकलेलं मूल तर इथे हमखास ठेचकाळतं; ते 'किती'ला 'इक्ती' करतं किंवा वेलांटी मागच्या अक्षराला चिकटवतं. उपाय साधा: पहिली वेलांटी आणि तिचं अक्षर यांच्याभोवती रंगीत पेन्सिलीने एकच गोल काढायचा. 'हे दोघं मिळून एक.' दोन आठवडे गोल काढा, मग सोडा.

तर क्रम असा: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, दुसरा उकार, काना-मात्रा, मग पहिली वेलांटी आणि पहिला उकार, मग अनुस्वार आणि सगळ्यांत शेवटी दोन मात्रा. विसर्ग आणि ऋ वाटेत भेटतील तेव्हा. रु आणि रू मात्र वेगळे दाखवा, कारण र चा उकार खाली न लागता पोटात लागतो आणि मुलांना ते नवीनच अक्षर वाटतं.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून टाळा: 'कला काना का, मला काना मा'. असं घोकलेलं मूल 'काका' वाचताना 'कला काना का, कला काना का… काका' इतका लांबचा प्रवास करतं, आणि तीन अक्षरी शब्दाच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. 'का' हे एक पूर्ण चित्र म्हणून ओळखलं गेलं पाहिजे. पूर्ण बाराखडी सगळी चिन्हं येऊन गेल्यावर एकदा म्हणून घ्या. तेव्हा ती एका बैठकीत समजते.

सरकपट्टी: अर्ध्या तासात बनणारं साधन

अक्षरकार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. ८ सेंटिमीटर चौरस तुकडे कापा, मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या स्केचपेनने ५ सेंटिमीटर उंचीचं अक्षर काढा. चित्र काढू नका; चित्र असलं की मूल चित्र वाचतं. काना आणि दुसरी वेलांटी यांच्यासाठी ३ सेंटिमीटर रुंदीची वेगळी कार्डं करा, म्हणजे ती अक्षराच्या उजवीकडे लावता येतात.

सरकपट्टीसाठी १० बाय १५ सेंटिमीटरचा पुठ्ठा घ्या. त्यावर एकाखाली एक अशा दोन आडव्या चिरा पाडा, प्रत्येक साडेचार सेंटिमीटर लांब, दोघींत ४ सेंटिमीटर अंतर. चिरा पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला असू द्या. आता ४ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब कागदी पट्टीवर एकाखाली एक म, क, र, न, ल, स अशी अक्षरं लिहा, प्रत्येकाला ४ सेंटिमीटर जागा. पट्टी खालच्या चिरेतून पुढे आणून वरच्या चिरेतून मागे घाला. पुढे एका वेळी एकच अक्षर दिसेल. त्याच्या उजवीकडे पुठ्ठ्यावर काना काढा, वरची रेघ अक्षराच्या रेघेला जुळेल अशी. पट्टी ओढली की मा, का, रा, ना, ला, सा. काना जागेवर, अक्षर बदलतंय, हे मुलाच्या हाताला कळतं. दुसऱ्या पुठ्ठ्यावर वेलांटी, तिसऱ्यावर मात्रा, पट्टी तीच. चीर पट्टीइतकीच ठेवली तर कागद अडकून फाटतो, म्हणून ते अर्धा सेंटिमीटर जास्त.

रोजची पंधरा मिनिटं

आठवड्यातून पाच दिवस, ठरलेल्या वेळी, शक्यतो जेवणाच्या आधी. पहिली तीन मिनिटं कालची कार्डं, उलटसुलट क्रमाने. मग दोन मिनिटं नवं अक्षर. मग पाच मिनिटं कार्डं जुळवून शब्द: तुम्ही 'मान' लावा, मुलाने वाचायचं, मग त्याने लावायचं, तुम्ही वाचायचं. मुद्दाम एखादा चुकीचा वाचा आणि पकडले जा. शेवटची पाच मिनिटं आजवरच्या अक्षरांतलीच दोन-तीन वाक्यं, तुम्हीच वहीत मोठ्या अक्षरात लिहिलेली. मूल आठव्या मिनिटालाच चुळबुळायला लागलं तर आठव्या मिनिटाला थांबा. रविवारी दीड तास बसवून आठवडाभराची भरपाई होत नाही.

मूल अडखळलं की लगेच तोंड उघडू नका. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला ते स्वतःच सुटतं. नाही सुटलं तर पहिलं अक्षर झाकून उरलेलं वाचायला सांगा, मग बोट काढा. तरीही नाही, तर सरळ सांगून टाका आणि पुढे चला.

लिहिण्याची घाई नको. वाचता येणारं प्रत्येक अक्षर लगेच लिहिता आलं पाहिजे असा हट्ट धरला की वाचनही थांबतं, कारण पाच वर्षांच्या बोटांना 'क'चं वळण जड जातं. ताटात पसाभर रवा पसरून बोटाने गिरवू द्या. आधी अक्षर, वरची रेघ शेवटी.

जुळी अक्षरं

घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष, ब आणि व, ड आणि ह. यांतलं एक पक्कं झाल्यावर दुसऱ्याला निदान तीन आठवडे हात लावू नका. दोन्ही एकदम शिकवून 'यातला फरक बघ' म्हटलं की मुलाच्या डोक्यात ती कायमची जुळी होतात. दुसरं आणताना फरकाची जागा दाखवा. ध, भ, थ या तिघांची वरची रेघ डाव्या बाजूला तुटलेली असते, तिथे गोलसर गाठ असते. घ, म, य यांच्यावर रेघ सलग असते. एवढी एक खूण तीन जोड्या सोडवते. 'ख'चं दुखणं वेगळं: तो 'र' आणि 'व' असा फुटतो. खालचे पाय जोडलेले असतील तर ख, सुटे असतील तर रव. 'रवा खा' असं लिहून दाखवा.

ल आणि श पुस्तकात एक दिसतात, मोबाईलवर दुसरे. शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श धरला आहे, पण पुष्कळ फाँटमध्ये दंडाचा (उजवीकडे उभी रेघ असलेला) ल आणि गाठीचा श येतो. दोन्ही रूपं एका कार्डाच्या दोन बाजूंना काढून ठेवा, नाहीतर मूल आजीच्या व्हॉट्सॲपवरचा साधा 'लाल'सुद्धा ओळखत नाही.

परदेशात वाढणाऱ्या किंवा घरात मराठी कमी ऐकणाऱ्या मुलांची अडचण डोळ्यांआधी कानाची असते. त्यांना ताक आणि टाक, दावा आणि डावा, गाल आणि गाळ, मन आणि मण सारखेच ऐकू येतात. कान न ओळखणारं अक्षर डोळा ओळखणार कसा? या जोड्या आधी तोंडी खेळा: मी दोन शब्द म्हणते, सारखे की वेगळे ते सांग.

च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत: चाक आणि चार, जाळं आणि जीभ, झाड आणि झेंडा. लिपी ते दाखवत नाही आणि शिकवायचीही गरज नाही. मराठी बोलणारं मूल शब्द ओळखला की उच्चार आपोआप बरोबर करतं. अनुस्वाराचंही तसंच, पण थोडं जास्त गमतीचं. 'अंडं' या शब्दात दोन टिंबं आहेत. पहिलं नाकात वाजतं, दुसरं वाजत नाही, नुसता अ लांबवतं. मूल दोन्ही नाकात वाजवून 'अंडन्' म्हणालं तर त्याने नियम नीट पाळला आहे, एवढं कौतुक करा आणि मग सांगा की शेवटचं टिंब मराठीत बहुधा गप्प असतं: केलं, घरं, माझं.

जोडाक्षरं वेळेआधी येतात

पाठ्यपुस्तकात जोडाक्षरं उशिरा असतात. गोष्टीच्या पुस्तकात मात्र ती पहिल्याच पानावर, कारण मराठीत विभक्ती लागली किंवा अनेकवचन झालं की शब्द बदलतो: घोडा, पण घोड्याला, पोळी, पण पोळ्या, तो, पण त्याने. म्हणून 'या'ची जोडाक्षरं सगळ्यांत आधी घ्या: त्या, च्या, ल्या, ड्या, ळ्या, व्या. जोडीला दहाबारा शब्द संपूर्ण चित्रासारखे ओळखीचे करून टाका, फोड न करता: आहे, नाही, आणि, मग, एक, होता, होती, त्याने, तिच्या, म्हणाला, म्हणाली, खूप. मुलांच्या कुठल्याही गोष्टीत हे सतत भेटतात आणि एवढे ओळखीचे असले की पान अर्धं हलकं होतं.

मग एकच अक्षर दुहेरी: गप्पा, चप्पल, गल्ली, पन्नास, कच्चा, अण्णा. दंड असलेल्या अक्षराचा दंड गेला की ते अर्धं होतं, हे इथे स्वच्छ दिसतं. मग म्हैस, पुन्हा, कोल्हा, उन्हाळा. द्य, द्ध, ह्म, क्ष, ज्ञ यांची फोड दिसत नाही, ती चित्रासारखीच शिकायची.

'र'चे चार अवतार शेवटी, आणि चारही एका दिवशी नाही. चक्रातला तिरपा, ट्रकातला टोपीसारखा, सूर्यावरचा रफार आणि पुऱ्यांमधला अर्धा चंद्र. रफारात पहिल्या वेलांटीचीच अडचण उलटी येते: र आधी ऐकू येतो आणि दिसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पुन्हा रंगीत पेन्सिल: रफारापासून मागे एक बाण काढायचा. 'सूर्या' आणि 'सुऱ्या' शेजारी शेजारी लिहून वाचा. एक आकाशात, एक स्वयंपाकघरात.

तुम्ही वाचून दाखवायचं ते वेगळं

शिकवण्याची पंधरा मिनिटं वेगळी आणि गोष्ट वाचून दाखवण्याची वीस मिनिटं वेगळी. ही दुसरी वेळ परीक्षेची नाही. 'हे अक्षर कुठलं सांग बरं' असं मध्येच विचारलं की गोष्ट मेली. ओळीखालून बोट फिरवत वाचा, एवढं पुरे. बोलताना मूल 'झालं' म्हणतं आणि पुस्तकात 'झाले' असतं, 'मी गेलो होतो'सारखी सलग वाक्यं असतात, 'तेवढ्यात', 'इतक्यात', 'शेवटी' असे शब्द असतात. ही पुस्तकी मराठी कानावरून गेलेली नसेल तर अक्षरं येऊनही अर्थ लागत नाही. मूल वाचायला लागल्यावर छापील 'झाले'ला 'झालं' वाचत असेल तर टोकू नका. ते अर्थ समजून वाचतंय याची ती खूण आहे.

पुस्तकं आणायची तर ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला आणि प्रथम बुक्स ही नावं लक्षात ठेवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळी १ ते ४ अशा लावलेल्या. पातळी १ म्हणजे पानाला एखाददुसरं वाक्य. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. मोबाईलवर वाचण्यापेक्षा छापून घ्या, कारण बोट ठेवलं की पडद्यावरचं पान सरकतं. मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक पारखायचं असेल तर मधलं कुठलंही पान उघडा: पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

बाहेर पडलात की पाट्या आहेतच. लोकलमध्ये दादर आणि परळ ही स्थानकं काना, द आणि ळ आले की लगेच वाचता येतात. एसटीच्या पाट्या, दुधाची पिशवी, भिंतीवरच्या कॅलेंडरातले वार; 'सोमवार' ते 'रविवार' यांत 'वार' सात वेळा येतो, तो एकदा ओळखला की पुढचं अर्धंच उरतं.

बिघडतं कुठे

मूल पान घडाघडा वाचतंय, पण नजर छताकडे आहे: पाठ झालंय. शेवटच्या ओळीतला मधला शब्द विचारा किंवा तेच शब्द वेगळ्या क्रमाने लिहून द्या. चित्र बघून 'मांजर'ऐवजी 'माऊ' वाचतंय: चित्रावर हात ठेवा, वाचून झाल्यावर उचला. शब्द बरोबर, पण वाक्य संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही: सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते आहे, पातळी एक पायरी खाली आणा आणि तोच सहा-सात ओळींचा उतारा तीन दिवस रोज एकदा वाचून घ्या. तिसऱ्या दिवशी आवाज बदललेला ऐकू येईल.

लांब शब्द ही मराठीची खास अडचण. 'घरातल्यासारखं' हा डोळ्यांना डोंगर वाटतो. अंगठ्याने शेपूट झाका: घरा. मग: घरातल्या. मग अंगठा उचला. काही दिवसांनी मूल स्वतःच अंगठा वापरायला लागतं.

वेगाचं वेड नको, पण अंदाज असावा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. घरी मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलाला सहा महिने मागे धरायला हरकत नाही, आणि मोबाईलवरचं घड्याळ मुलाच्या नाकासमोर नाचवू नका.

महिन्यातून एकदा स्वतःच्या समाधानासाठी तपासायचं तर 'असर' या मुलांच्या वाचनाच्या देशव्यापी पाहणीतल्या पायऱ्या सोयीच्या आहेत: अक्षरं, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. पाच अक्षरं दाखवा, चार आली तर पाच शब्द द्या, चार आले तर चार ओळींचा उतारा, मग आठ-दहा ओळींची गोष्ट. जिथे अडलं तिथून पुढच्या महिन्याचं काम सुरू. निकाल मुलाला सांगायची गरज नाही, आणि आजी-आजोबांना फोनवर तर नाहीच.

मूल पुस्तक नाकाशी धरतं, एक ओळ सोडून खालची वाचतं, हाक दोनदा मारावी लागते, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अक्षर उलटं काढणं सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं, त्याने घाबरू नका. पण नियमित सहा-आठ महिने मेहनत होऊनही, मूल आठ वर्षांचं झालं तरी, 'का' आणि 'न' जोडून 'कान' होत नसेल, कालची अक्षरं रोज नव्याने शिकवावी लागत असतील आणि गोष्ट तोंडी मात्र उत्तम सांगत असेल, तर तो आळस नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर शाळेत व बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणीला जाताना मुलाच्या गेल्या सहा महिन्यांच्या वह्या आणि दर महिन्याला तपासलेल्या पायऱ्यांची नोंद बरोबर न्या. तपासणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळतं.